मालिकेतलं गरिबाचं घर एवढं मळकट का असतं?

प्रश्न नागपूरच्याच एका विद्यार्थिनीनं विचारला आहे. राहायला इंदोऱ्याकडे, वडील ई-रिक्षा चालवतात, स्वतः पत्रकारितेचा कोर्स करते. तिचं म्हणणं असं : मालिकांत एक तर बंगला असतो नाही तर गळकी झोपडी, आमच्यासारखं घर कधीच का दिसत नाही? लिहिणाऱ्यांना आम्ही माहीतच नाही का? आणि माझ्यासारखीला या धंद्यात जागा आहे, की सगळं ओळखीवरच चालतं?

बेटा, तू हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेस, पण त्यांचं मूळ एकच आहे. ओळख लागते, नाही असं नाही. पण ओळखीपेक्षा मोठी चाळणी म्हणजे उशिरा मिळणारा पैसा. टीव्हीच्या धंद्यात केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, हा रिवाजच पडून गेला आहे. तेवढे दिवस ज्याला घरून पोसणारं कोणी आहे तो टिकतो, बाकीचे विदर्भ एक्स्प्रेस पकडून परत येतात. आणि जो टिकला तोच पुढे ठरवतो, की रिक्षावाल्याचं घर पडद्यावर कसं दिसेल.

मी कला विभागातला माणूस. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात राज्य नाट्य स्पर्धेची नेपथ्यं उभी करता करता मुंबईला गेलो आणि आयुष्याचा मोठा भाग मालिकांचे सेट लावण्यात गेला. त्यामुळे आधी घराचंच बोलतो.

नवी मालिका ठरली की चॅनेलकडून आमच्याकडे नायिकेच्या माहेरचं वर्णन येतं. बहुतेक वेळा त्यात ‘लोअर मिडल क्लास’ असे तीन शब्द असतात आणि पुढे ‘पण वॉर्म हवं’. आम्ही भिंती उभ्या करतो, रंग देतो आणि मग त्या रंगावर तपकिरी पाण्याचे हात मारतो. आमच्या भाषेत याला एजिंग म्हणतात. कोपरे काळे करायचे, खिडकीखाली ओल उतरल्यासारखे ओघळ काढायचे, दाराचा रंग खरवडायचा. मग गोडाऊनमधून सामान येतं : माठ, कंदील, दोरीची खाट, पत्र्याची पेटी, गोणपाट. चॅनेलचा माणूस पाहणीला येतो आणि म्हणतो, अजून गरीब दिसत नाहीये. की पुन्हा एक हात तपकिरी.

आता तुझ्याकडचं घर बघ. इंदोरा घे, पाचपावली घे, नाही तर गड्डीगोदाम. दहा बाय बाराची खोली, भिंतीला निळा नाही तर पोपटी ऑइल पेंट, दिवाळीच्या किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी नव्यानं मारलेला. एका भिंतीवर स्टीलची मांडणी, तिच्यावर ताटं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं उभी, अशी घासलेली की ट्यूबलाइट त्यात दिसावी. फ्रिजवर विणलेलं कव्हर, हँडललासुद्धा कापडाची पट्टी. गाद्यांची चळत चादरीखाली झाकलेली. एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पोराच्या कबड्डीची ट्रॉफी. आणि खिडकीत लोखंडी स्टँडवर बसवलेला कूलर. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, कूलरशिवाय घर चालतच नाही. पण मालिकेतल्या घरात तुला कूलर कधी दिसला? सेटची कल्पना करणारा बहुधा मुंबईत वाढलेला असतो. त्याला पंखा माहीत, एसी माहीत, मधली वस्तू त्याच्या डोक्यातच येत नाही.

मुद्दा असा, की गरीब घर हे मळकं नसतं, ते गच्च असतं. जागा कमी म्हणून प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवावी लागते, आणि चार लोक येतात-जातात म्हणून ती चकचकीतही ठेवावी लागते. पडद्यावर मात्र गरिबी म्हणजे अस्वच्छता असं समीकरण बसून गेलं आहे. रिमोट हातात धरून बसलेल्याला दोन सेकंदांत कळलं पाहिजे की हे घर गरिबाचं. तपकिरी भिंत ते लगेच सांगते. चमकती ताटं सांगायला वेळ घेतात.

त्यात कॅमेऱ्याचीही अडचण असते. दैनंदिन मालिकेचा रोज जवळपास एक एपिसोड निघावा लागतो, म्हणजे वीस-बावीस मिनिटांचा कापून तयार झालेला मजकूर. त्यासाठी दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालतात, वरून लाइट, बाजूला साउंडवाला, मागे डीए म्हणजे दिग्दर्शकाचा सहायक, मेकअप दादा, हेअरवाली. हे सगळं दहा बाय बाराच्या खोलीत कसं मावणार? म्हणून सेटवरची ‘छोटीशी खोली’सुद्धा चांगली प्रशस्त असते आणि तिला चौथी भिंत नसते. चाळीतलं स्वयंपाकघर पाहताना तुला वाटलं असेल, एवढा ओटा तर आमच्या अख्ख्या घराएवढा आहे. बरोबर वाटलं.

आणि सेटचा खर्च. दिवाणखाना, स्वयंपाकघर, दोन बेडरूम आणि अंगण एकदा बांधलं की तो खर्च शेकडो एपिसोडांवर पसरवायचा असतो. म्हणून सगळं कुटुंब सकाळपासून रात्रीपर्यंत दिवाणखान्यात उभं राहून भांडतं. एकत्र कुटुंबाचं एवढं वेड मराठी लेखकांना अचानक लागलेलं नाही, ते सेटच्या हिशेबातून आलं आहे. याचा सगळ्यात मोठा फटका गरीब पात्राला बसतो, कारण त्याचं आयुष्य घराबाहेर असतं. कळमन्याच्या बाजारातली हमाली, बर्डीवरचा, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातला हातठेला, हिंगणा एमआयडीसीतली पाळी, ई-रिक्षाचं चार्जिंग आणि स्टँडवरचा नंबर. हे दाखवायचं तर आउटडोअर आलं. परवानगी, जनरेटर, गर्दी आवरायला माणसं, हॉर्नमुळे खराब होणारा आवाज. दिवसभरात निम्मे सीनसुद्धा होत नाहीत. ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, हात जोडतो आणि सीन घरात वळवतो. मग बाबा दारातून आत येतात, घाम पुसतात, ‘आज धंदाच झाला नाही’ म्हणतात आणि खाटेवर बसतात. मालिकेतला गरीब माणूस काम करताना दिसत नाही, तो नुसता गरीब असतो. श्रीमंताचंही तेच आहे म्हणा. तो फोनवर ‘डील फायनल करा’ म्हणतो, कसलं डील ते निर्मात्यालाही ठाऊक नसतं. पण त्याला निदान सूट तरी मिळतो.

तू म्हणशील, हे झालं तांत्रिक. चॅनेलनं ठरवलं तर चित्र बदलेल की नाही? बदलेल. पण चॅनेल कोणासाठी ठरवतं हे बघावं लागेल, आणि इथं मोजणीचं गणित येतं.

टीआरपी मोजणारी संस्था बार्क. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर, आणि त्यातल्या साठ हजारांहूनही कमी घरांत मीटर बसवून सगळ्यांचा अंदाज काढला जातो. नमुन्यावरून अंदाज काढण्यात शास्त्र म्हणून काही चूक नाही. पण ऑक्टोबर २०१५ पर्यंत या आकड्यांत खेडी नव्हतीच. म्हणजे खाजगी वाहिन्या आल्या, वाढल्या, त्यांच्या मालिकांची घडी बसली, तो सगळा काळ गावातला प्रेक्षक हिशेबात धरलाच नव्हता. आज जी मालिकेची चौकट तू बघतेस ती त्या वर्षांतली आहे.

शिवाय नुसतं किती लोकांनी पाहिलं एवढ्यावर भागत नाही, कोणी पाहिलं हेही बघतात. जाहिरातदाराला साबण विकायचा की गाडी, त्यावर ते ठरतं. त्यासाठी २०११ पासून एनसीसीएस नावाची प्रतवारी वापरतात. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत, एवढ्यावर ए-वन पासून ई-थ्री पर्यंत १२ पायऱ्या. वस्तू अशा : वीज जोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. यादी नीट वाच. एसी आहे, कूलर नाही. नागपूरच्या घरात दोन कूलर असले तरी त्याचा एक गुण मिळत नाही. तुझे बाबा ई-रिक्षाचे मालक असले तरी ती दुचाकीत धरायची की चारचाकीत, हा प्रश्नच आहे. संशोधनवाल्यांना यातली उणीव कळते. वस्तू सोडून कमावत्याचा व्यवसाय आणि घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाचं व स्त्रीचं शिक्षण पाहणारी आयसेक नावाची नवी पद्धत त्यांनी पुढे आणली आहे. तिनं प्रतवारी सुधारेल. ज्याला वरची प्रत मिळाली त्याच्या मिनिटाची किंमत जास्त, हे मात्र तसंच राहील.

धरमपेठेत चार घरी धुणीभांडी करून आलेली बाई दुपारी रिपीट टेलिकास्ट बघते. तिची मालकीण तीच मालिका रात्री बघते. दोघी तितकीच मिनिटं बघतात, पण जाहिरातीच्या बाजारात दोघींच्या मिनिटांचा भाव एक नाही. डीडी फ्री डिशवर दिसणाऱ्या वाहिन्यांना जाहिरातीचे दर पैसे भरून बघायच्या वाहिन्यांपेक्षा बरेच कमी मिळतात, तेही याच कारणानं.

इथं चॅनेलवाल्यांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती अगदीच खोटी नाही. ते म्हणतात, त्या धुण्याभांड्याच्या बाईलाच बंगला बघायचा असतो. स्वतःचं घर ती रोज बघते, संध्याकाळी पुन्हा कशाला? मी वस्त्यांमध्ये लोकेशन शोधत फिरलो आहे, बायकांशी बोललो आहे, आणि असं म्हणणाऱ्या बायका मला खरंच भेटल्या. ‘आमचं दाखवून काय करता जी, साड्या दाखवा’ असं तोंडावर सांगतात. पण त्यांनी नाकारलं ते तपकिरी घर. निळ्या भिंतीचं, चमकत्या ताटांचं, कूलरवालं घर त्यांच्यापुढे कोणी ठेवलंय कुठं, की ते त्यांनी नाकारलं म्हणावं?

दूरदर्शनच्या काळात चित्र वेगळं होतं असं माझ्या पिढीचे लोक हळवे होऊन सांगतात. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली, तिच्यात निम्नमध्यमवर्गीय कुटुंब होतं. १९८६ च्या ‘नुक्कड’मध्ये तर रस्त्याच्या कोपऱ्यावरची माणसंच नायक होती. खरं आहे. पण तेव्हा वाहिनी एकच होती, सरकारला कुटुंब नियोजनासारखे विषय लोकांपर्यंत न्यायचे होते आणि प्रायोजकाला दुसरीकडे जायला जागा नव्हती. आणि टीव्ही होता किती घरांत? आमच्या गल्लीत एका घरी सगळे जमायचे. खुर्चीत कोण, सतरंजीवर कोण आणि खिडकीबाहेर उभं कोण, हे न सांगता ठरलेलं असायचं.

आता बोलीबद्दल, कारण नागपूरच्या माणसाला हे लागतं. मराठी मालिकेतली नायिका बहुधा पुणेरी प्रमाण मराठी बोलते, आणि वऱ्हाडी आली की समजायचं : स्वयंपाकी, वॉचमन किंवा हसवायला आणलेला काका. ‘चला हवा येऊ द्या’मुळे आपली बोली घराघरांत गेली, लोकांना आवडली, ती गेली विनोदाच्या रस्त्यानं. २०१६ ला सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरची होती, मुख्य पात्र होती आणि आपल्या बोलीत बोलायची. मला ते पाऊल महत्त्वाचं वाटलं. पण ती बोली तिला दिली होती कशासाठी? ती साधी, घरगुती, मसाले कुटणारी आहे हे कळावं म्हणून. तिच्यासमोरची शहरी, फॅशनेबल बाई प्रमाण भाषेत बोलणार हे ठरलेलंच होतं. शिवाय वऱ्हाडी, नागपुरी आणि झाडी यांतला फरक मुंबईत कोणी विचारतही नाही. खरं तर पाचपावलीतला पोट्टा मित्राशी हिंदी बोलतो, आईशी मराठी, आणि शेजारच्या छत्तीसगडी कुटुंबाशी तिसरंच काही. असं पात्र लिहिलं की ‘प्रेक्षक गोंधळेल’ असा शेरा येतो.

दिसण्याचंही तसंच. गरीब किंवा सावळी मुलगी दाखवायची तर गोरी अभिनेत्री घेऊन तिला गडद मेकअप चढवतात. ‘रंग माझा वेगळा’च्या वेळी यावर उघड चर्चा झाली. मालिका मात्र जोरात चालली. उलट उदाहरण सिनेमातलं आहे : २०२२ च्या ‘झुंड’मध्ये नागपूरच्या वस्त्यांतली पोरं स्वतःच पडद्यावर आली, त्यांच्या भाषेसकट आणि त्यांच्या चेहऱ्यांसकट. सिनेमाला तयारीला महिने मिळतात. मालिकेला ऑडिशनपासून टेलिकास्टपर्यंत कधी कधी काही आठवडेच असतात, आणि मग जो चेहरा आधी चालला तोच पुन्हा घेतात.

तू पत्रकारिता शिकतेस म्हणून बातम्यांचंही सांगतो. तिथं सेट लागत नाही, तरी सेट लावला जातो.

कापसाच्या पट्ट्यात शेतकरी आत्महत्येच्या बातम्या करायला मुंबई-दिल्लीचे चमू यायचे, तेव्हा सोय-गाडीचं काम मी काही वेळा केलं आहे. एका घरी कॅमेरा लागला. कॅमेरामननं दारातली मोटरसायकल बाजूला घ्यायला सांगितली, प्लास्टिकची खुर्ची आत ठेवायला लावली, बाईला उंबऱ्यावर बसवलं आणि हातात नवऱ्याचा फोटो दिला. फोटोवरचा हार जरा नीट करवून घेतला. ती मोटरसायकल कर्जावरची होती आणि तिचाच हप्ता थकला होता. म्हणजे बातमी फ्रेमच्या बाहेर उभी होती. पण गाडी दिसली तर ‘मग गरीब कसले’ असं लोक म्हणतील, ही त्याची भीती. माझ्या गोडाऊनमधला कंदील आणि त्याचा तो फोटो एकाच कामाला येतात.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की सगळ्या वाहिन्यांच्या ओबी व्हॅन विधानभवनासमोर लागतात. यशवंत स्टेडियमजवळ अंगणवाडी सेविका, आशा ताई, कोतवाल, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक उपोषणाला बसतात. मोर्चे टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात. याच भागात २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. एवढा इतिहास असूनही बहुतेक मोर्चांची बातमी काय होते? ‘बर्डीवर वाहतुकीचा खोळंबा.’ मागणी काय होती ते एका ओळीत, गाड्या किती अडकल्या ते सविस्तर. कारण गाडीत अडकलेला माणूस वरच्या प्रतवारीतला प्रेक्षक आहे.

खैरलांजी तर भंडारा जिल्ह्यात, नागपूरहून फार लांब नाही. २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. मोठ्या वाहिन्यांना त्याचं गांभीर्य कळायला नोव्हेंबर उजाडला, तोही नागपूर-अमरावतीकडे लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. मधला महिना दीड महिना ही बातमी कार्यकर्त्यांनी आणि छोट्या पत्रकांनी जिवंत ठेवली. नंतर याच शहरातून आवाज इंडिया, लॉर्ड बुद्धा टीव्ही यांसारख्या वाहिन्या उभ्या राहिल्या, दीक्षाभूमीवरचा सोहळा दिवसभर दाखवू लागल्या, त्यामागे हाही अनुभव होता असं मी मानतो. त्यांची साधनं तोकडी, जाहिराती तुटपुंज्या. तरी तिथं कॅमेरा कोणाकडे तोंड करून उभा आहे ते लगेच कळतं.

न्यूजरूममध्ये कोण बसतं याचा एक हिशेब २०१९ ला ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी मांडला होता. वृत्तपत्रं, वाहिन्या, वेबसाइट, मासिकं मिळून नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या, १०६ वर उच्च जातीचे लोक, आणि अनुसूचित जाती-जमातींचं एकही नाही. वर्ग आणि जात एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण न्यूजरूमच्या दारात त्या एकमेकींचा हात धरूनच उभ्या असतात.

आता पैशाकडे येतो. बातमीच्या जगात तुझ्या वाट्याला बहुधा पहिलं काम येईल ते स्ट्रिंगरचं. स्टोरीमागे पैसे, नेमणूकपत्र नाही, गाडी तुझी, पेट्रोल तुझं, मोबाइल तुझा. स्टोरी लागली तर पैसे, नाही लागली तर राम राम. मुंबईहून आलेला प्रतिनिधी हॉटेलात उतरतो, तुझ्याकडून नंबर घेतो, बाइट घेतो आणि पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहून बोलणं, स्वतः करतो. शहर तुला माहीत, चेहरा त्याचा.

मालिकेच्या सेटवर उतरंड आणखी उघड दिसते. शिफ्ट बारा तासांची, ती चौदा कधी होते कळत नाही. कोणाला व्हॅनिटी, कोणाला मेकअप रूम, कोणाला जिन्याखाली कपडे बदलायची जागा. जेवणाचे डबेही वेगळे. खुर्ची कोणाला मिळते यावरून नवीन माणसालाही अर्ध्या तासात कळतं की इथं कोण कोण आहे. लाइटमन, सेटिंग दादा, स्पॉट दादा हे बहुतेक रोजंदारीवर. मार्च २०२० ला शूटिंग बंद पडलं तेव्हा पहिला फटका त्यांनाच बसला. एप्रिल २०२१ ला राज्यात पुन्हा बंदी आली, तेव्हा मालिका गोवा, दमण, हैदराबादला गेल्या. चॅनेलचं टेलिकास्ट थांबलं नाही. पण नेताना युनिट छाटून नेलं, आणि छाटलेले कोण होते ते वेगळं सांगायला नको.

लेखनाची गंमत अशी, की तिथं खालच्या वर्गातून आलेले लोक आहेत. बरेच संवादलेखक लहान गावांतून, स्पर्धेच्या नाटकांतून आलेले. पण मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि त्या सगळ्यांवर चॅनेलचा क्रिएटिव्ह. गरिबीची माहिती ज्याला आहे तो शेवटच्या पायरीवर आहे. त्याच्याकडे सीन रात्री येतो, सकाळी शूट असतं. रिक्षावाला बाप कसा वागेल हे आधीच वर ठरून गेलेलं असतं, त्यानं फक्त तोंडात वाक्य घालायचं.

आता तुझा दुसरा प्रश्न : जागा आहे का? आहे, पण कुठून शिरायचं ते हिशेबानं ठरव. ‘आधी सहा महिने शिकायला ये, नंतर बघू’ असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. फुकट काम करणं ही श्रीमंताच्या पोरांची चैन आहे, ती तुला परवडणार नाही, आणि ती न परवडणं हा तुझा दोष नाही. अभिनय आणि दिग्दर्शन यांच्या रांगा लांब आहेत. एडिटिंग, साउंड, आर्ट आणि कॉस्च्युमची कंटिन्युइटी (एका शॉटमधले कपडे पुढच्या शॉटमध्येही तसेच आहेत ना हे बघणं) इथं हात चांगला असला की लोक पुन्हा बोलावतात. एडिटिंग तर नागपुरात बसून शिकता येतं. आपल्याकडे लग्नाचे व्हिडिओ करणारे इतके स्टुडिओ आहेत की सीझनमध्ये त्यांना माणूस मिळत नाही. त्या कामाला नाक मुरडू नकोस. तीन कॅमेऱ्यांचं फुटेज रात्रभर बसून जुळवायची सवय तिथं लागते, आणि पैसेही लवकर हातात येतात.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा सीझन सुरू होतो, वडसा हे त्याचं केंद्र. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात रात्रभर प्रयोग चालतात आणि तिकीट काढून हजारो माणसं येतात. तिथली नाटकं काही फार क्रांतिकारक नसतात, रडणं-भेकणं तिथंही भरपूर. पण पैसा थेट प्रेक्षकाकडून येतो, मधे जाहिरातदार नाही, आणि कलाकाराला प्रयोगागणिक मानधन मिळतं. एक सीझन कंपनीबरोबर कर. ज्या प्रेक्षकाला टीव्ही शेवटच्या पायरीवर बसवतो, तो पहाटे तीनला जागा राहून नक्की कशाला टाळी देतो, ते तुला समोर दिसेल.

यूट्यूबबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून सांगतो. विदर्भातली पोरं आपल्या बोलीत व्हिडिओ करतात, घर स्वतःचं वापरतात, कूलरही दिसतो. चांगलंच आहे. पण त्यावर घर चालेल असं धरून नोकरी सोडू नकोस, तिथंही जाहिरातीचा भाव बघणारा कोण आहे यावरच ठरतो. रामटेकजवळ चित्रनगरी होणार अशी घोषणा आहे. झाली तर सेटवरच्या कामगारांना मुंबई गाठावी लागणार नाही, हा मोठा फायदा. गोष्टी कोणाच्या सांगायच्या हे मात्र जिथं बैठका होतात तिथंच ठरेल, आणि त्या बैठका रामटेकला होणार नाहीत.

मुंबईला जायचंच ठरवलंस तर आधी तीन-चार महिन्यांचं भाडं आणि मेसचे पैसे बाजूला टाक, मग तिकीट काढ. नव्वद दिवसांची ती चाळणी ओलांडायला दुसरा उपाय मला सापडलेला नाही. काम मिळालं की पर डे किती, शिफ्ट किती तासांची, जादा तासांचे किती आणि पैसे कोणत्या तारखेला, हे व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घे. तोंडी ‘देऊ ना’ धरू नकोस. रात्री उशिरा पॅकअप झालं तर घरी सोडायला गाडी आहे का, हे आधीच विचार. विचारल्यावर जो तोंड वाकडं करतो त्याच्याकडे पैशांचंही तसंच होणार. युनियनचं कार्ड काढायला बराच खर्च येतो. पहिल्या महिन्यात काढू नकोस, काम सलग मिळू लागलं की काढ, पण काढच, कारण पैसे अडकले तर भांडायला दुसरी सोपी जागा नाही.

आणि सेटवर कधी कला विभागात आलीस, कोणी भिंतीवर तपकिरी हात मारायला सांगितलं, तर आपल्या घराचा फोटो मोबाइलमध्ये तयार ठेव आणि दाखव. मी दाखवतो. दर वेळी ऐकतात असं नाही. मागच्या एका कामात निळी भिंत पास झाली, मांडणीही लागली. कूलर मात्र त्यांनी काढायला लावला, साउंडवाल्याला आवाजाचा त्रास होतो म्हणे. बंद कूलरचा कसला आवाज, असं मी विचारलं, तोवर पुढचा शॉट लागला होता.